क्षुल्लक बोलण्याचा परवाना

खानदेशच्या माणसाला दूरच्या मुलुखाशीं संबंध ठेवण्याची संवय जुनीच आहे. धुळें हें मुंबईहून आग्र्यास जाणाऱ्या हमरस्त्यावरचें शहर, आणि जळगांव हें लोहमार्गाच्या फांट्यावरचें. येथील कापसाच्या गांठी साता समुद्रांपलीकडे जात आणि त्यांच्या भावाची चौकशी तारेनें होई. परदेशाशीं व्यवहार हा या मुलुखाला नवा नव्हता. पण तो नेहमीं कोणा तरी मध्यस्थाच्या हातून होई. टपाल सरकारचें, तार सरकारची, आणि समुद्राच्या तळाशीं पसरलेला दोर बड्या कंपनीचा. या सर्व मध्यस्थांना वगळून धुळ्याच्या एखाद्या घराच्या गच्चीवर ताणलेली तार न्यूझीलंडमधल्या एखाद्या घरावरच्या तारेशीं सरळ बोलूं शकते, हा विसाव्या शतकाचा चमत्कार होय. या विद्येला हौशी बिनतारी असें नांव पडलें आहे.

परंतु या चमत्काराला एक विलक्षण अट जोडलेली होती. परदेशांतील हौशी चालकाशीं काय बोलावें, याबद्दल राष्ट्राराष्ट्रांच्या करारांत असें ठरलें होतें कीं, बोलणें एक तर प्रयोगासंबंधीं असावें, नाहीं तर इतकें बिनमहत्त्वाचें असावें कीं त्यासाठीं तारखात्याची पायरी चढण्याचें कारणच पडूं नये. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशीं बोलण्याची मुभा आहे, मात्र सांगण्यासारखें कांहीं सांगावयाचें नाहीं! वाचेचें इतकें मोठें स्वातंत्र्य इतक्या लहान शर्तीवर क्वचितच कोणास मिळालें असेल. ही शर्त कोणीं घातली, कां घातली, आणि ती मान्य करून या लोकांनीं काय मिळविलें, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

या अटीचें मूळ समजण्यासाठीं हौशी लोकांच्या हातीं या लहरी कशा आल्या हें आधीं पाहिलें पाहिजे. १९१२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें बिनतारीचा कायदा केला व खाजगी माणसांना २०० मीटर आणि त्याहून आंखूड लांबीच्या लहरींत हांकलून दिलें. आंखूड लहरी दूर जात नाहींत, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. जी पडीक जमीन कोणालाच नको होती ती या मंडळींच्या वांट्यास आली, आणि पुढें सोनें निघालें तें त्याच जमिनींत. २८ नोव्हेंबर १९२३ रोजीं अमेरिकेंतील फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांनीं फ्रान्समधील नीस येथील लिओं देलुआ याच्याशीं सुमारें ११० मीटरच्या लहरीवर, अटलांटिक महासागर ओलांडून, उभयपक्षीं संभाषण केलें. पुढच्याच वर्षीं, १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं, न्यूझीलंडमधील शॅग व्हॅली येथें आपल्या कुटुंबाच्या मेंढ्यांच्या मळ्यावरून फ्रँक बेल यानें लंडनच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशीं संबंध जोडला. एका बाजूस शाळकरी तरुण आणि दुसऱ्या बाजूस मळ्यावरचा गृहस्थ. दोघांपाशींही ना कंपनीचें भांडवल, ना सरकारचें पाठबळ. तरी अर्ध्या पृथ्वीचें अंतर त्यांनीं तोडलें. या क्षणापासून सरकारांचे व तारकंपन्यांचे कान टवकारले असल्यास नवल नाहीं.

येथें लहरींचा स्वभाव थोडा लक्षांत घेतला पाहिजे. आंखूड लहरी जमिनीला धरून फार जात नाहींत. त्या आकाशांत चढतात, भूपृष्ठापासून शेंकडों किलोमीटर उंचीवर असलेल्या विद्युन्मय थरावर आदळून वळतात आणि दूर कोठें तरी खालीं उतरतात. या थरांचें अस्तित्व इंग्लंडांत एडवर्ड ॲपलटन यांनीं १९२४ पासूनच्या प्रयोगांनीं सिद्ध केलें, आणि आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं त्यांचा अभ्यास पुढें नेला. या स्वभावाचा परिणाम मोठा गमतीचा होतो. वीस मीटरच्या लहरीवर धुळ्याहून केलेली हांक नाशिकास किंवा मुंबईस सहसा ऐकूंच येत नाहीं. ती त्यांच्या डोक्यावरून निघून जाते आणि युरोपांत स्पष्ट उतरते. शेजारचा गांव मुका आणि परदेश बोलका, अशी ही सृष्टि आहे. तेव्हां हौशी चालकाच्या बाबतींत परदेशाशीं बोलण्याचे नियम म्हणजे मुख्य नियमांना जोडलेलें परिशिष्ट नव्हे. तेच मूळ नियम होत. ज्याला फक्त शेजाऱ्याशींच बोलावयाचें आहे त्यानें या लहरींच्या नादीं कां लागावें?

१९२५ च्या एप्रिल महिन्यांत पॅरिस येथें निरनिराळ्या देशांतील हौशी चालकांनीं एकत्र येऊन आपला आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९२७ सालीं, वॉशिंग्टन येथें राष्ट्रांची बिनतारी परिषद भरली. तिनें केलेले नियम १ जानेवारी १९२९ पासून अमलांत आले. हौशी लोकांच्या दृष्टीनें या परिषदेनें तीन गोष्टी केल्या. पहिली, त्यांच्यासाठीं लहरींचे ठराविक पट्टे राखून ठेवले. त्यांत ८०, ४०, २० व १० मीटरांचे पट्टे आले. दुसरी, प्रत्येक देशाला अक्षरांची खूण देऊन चालकाची हांकसंज्ञा ऐकतांच त्याचा देश कळावा अशी योजना केली. हिंदुस्थानच्या वांट्यास ‘व्ही यू’ हीं अक्षरें आलीं व तीं आजतागायत चालू आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे परदेशाशीं बोलण्याचा नियम. त्याचीं कलमें दोन. ज्या दोन देशांमध्यें बोलणें व्हावयाचें त्यांपैकीं एकाच्याही सरकारनें हरकत नोंदविली असेल तर तें बोलणें निषिद्ध. आणि हरकत नसेल तर भाषा उघड, सांकेतिक नव्हे, व विषय प्रयोगाचा किंवा तारेच्या लायकीचा नसलेला.

या दुसऱ्या कलमाच्या मुळाशीं काय होतें? पहिलें कारण उघड आहे: पैसा. ज्या १९२७ सालीं वॉशिंग्टनची परिषद भरली, त्याच सालीं पुण्याजवळ खडकी येथें प्रक्षेपण करणारें आणि दौंड येथें ग्रहण करणारें बीम केंद्र सुरू होऊन हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें लघुलहरींवरून तारा जाऊं लागल्या. जें काम शब्दागणिक दाम घेऊन चालावयाचें, तेंच काम शेजारचा हौशी मनुष्य फुकट करूं लागला तर खात्याचें कसें चालावें? व्यापाऱ्यानें कापसाचा भाव या वाटेनें विचारूं नये, आणि आप्तेष्टांनीं लग्नाचा निरोप या वाटेनें धाडूं नये, म्हणून ‘क्षुल्लक तेवढेंच बोला’ हा दंडक आला. तिसऱ्या माणसाचा निरोप पोंचविण्यास बंदी आली ती याच हेतूनें. दुसरें कारण भयाचें. सीमेपलीकडे उघड्या आकाशांतून जाणारा शब्द कोणत्याच सरकारला अडवितां येत नाहीं; आणि जें अडवितां येत नाहीं त्याचा संशय सरकारला नेहमींच येतो.

हिंदुस्थानांत हा संशय दुप्पट होता, कारण येथील सरकार परकें होतें. बंगालमध्यें अमरेंद्रचंद्र गुप्त व मुकुल बोस हे १९२१ सालचे आद्य हौशी चालक. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील हौशी मंडळांनीं १९२३-२४ च्या सुमारास ध्वनिक्षेपणाचे पहिले प्रयोगही करून दाखविले. परंतु १८८५ च्या तार कायद्यानें संदेशवहनाचा हक्क सरकारनें आपल्याकडे ठेवला होता, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून नुसतें यंत्र घरांत बाळगणें हाही अपराध ठरला. दुसरें महायुद्ध सुरू होईपर्यंत साऱ्या हिंदुस्थानांत परवानाधारकांची संख्या फार थोडीच राहिली.

नियमांच्या चौकटींत राहून या लोकांनीं जी रीतभात निर्माण केली ती मात्र कोणत्याही कायद्यानें लिहून दिलेली नाहीं. परदेशीं हांक मारण्यापूर्वीं आधीं ऐकावें, हा तिचा पहिला धडा. लहर मोकळी आहे किंवा नाहीं याची पृच्छा करावी, उत्तर न आल्यास ती पुन्हां करावी, आणि मगच ‘जो कोणी ऐकत असेल त्यास’ अशा अर्थाची हांक देऊन आपली संज्ञा स्पष्ट उच्चारावी. एखाद्या दुर्मिळ बेटावरच्या चालकाभोंवतीं शेंकडों हांकांची गर्दी झालेली असते. तो सांगेल त्याच लहरीवर, तो विचारील त्याच प्रांताच्या लोकांनीं उत्तर द्यावें. बाकीच्यांनीं गप्प बसावें. आवाज कसा येतो हें अंकांनीं सांगावें. वाचतां येणें, बळ व सूर यांचे असे तीन अंक आहेत. गांवाचें नांव, यंत्राची शक्ति, तारेची उंची, हवापाणी एवढें सांगून झालें कीं ‘त्र्याहत्तर’ म्हणून निरोप घ्यावा. हा अंक जुन्या तारमास्तरांचा ‘लोभ असावा’ होय. धर्म, राजकारण व धंदा हे विषय वर्ज्य. ज्या दोन माणसांच्या देशांत युद्धाची भाषा चालू असेल, तींही पावसापाण्याबद्दल व तारेच्या उंचीबद्दल मित्रांप्रमाणें बोलूं शकतात, त्याचें रहस्य या वर्ज्यांत आहे.

संभाषण संपल्यावर नोंदवहींत तारीख, वेळ, लहर व समोरच्याची संज्ञा लिहावयाची, आणि साक्ष म्हणून एक पत्रिका टपालानें पाठवावयाची. येथें खानदेशांतल्या चालकास एक बारकावा संभाळावा लागतो. जगभरचे हौशी लोक वेळ लिहितात ती ग्रीनिचची. आपलें प्रमाण घड्याळ तिच्या साडेपांच तास पुढें. म्हणून जळगांवांत मध्यरात्र उलटून पहांटेच्या साडेपांचापर्यंत झालेल्या बोलण्याची तारीख पत्रिकेवर आदल्या दिवसाची लिहावी लागते. तसें न केल्यास समोरच्याच्या वहीशीं मेळ बसत नाहीं आणि पत्रिका बाद होते. शिवाय जळगांवचा सूर्य प्रमाण घड्याळापेक्षां सुमारें अठ्ठावीस मिनिटें मागें चालतो. आणि दूरच्या हांका उत्तम येतात त्या बऱ्याचदां सूर्योदय व सूर्यास्ताच्या संधिकाळीं. म्हणजे लिहावयाचें ग्रीनिचच्या घड्याळानें, पण ऐकावयास बसावयाचें गांवच्या सूर्याकडे पाहून.

१९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें आणि ही सारी सृष्टि एका हुकुमानें मुकी झाली. हौशी परवाने रद्द झाले व यंत्रें सरकारजमा करण्याची आज्ञा सुटली. परंतु विद्या जमा करून घेतां येत नाहीं. १९४२ च्या ऑगस्टमध्यें ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांवर बंधनें आलीं. त्याच दिवसांत, ९ सप्टेंबरला, तेव्हांच्या पश्चिम खानदेशांतील नंदुरबार येथें मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार हा कोंवळा मुलगा धारातीर्थीं पडला. असल्या बातम्या गांवाबाहेर नेण्यास उघडी वाट राहिली नव्हती. अशा वेळीं २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईंत ४२.३४ मीटरांवर गुप्त काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. त्यामागें बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी ही मंडळी होती. राममनोहर लोहियांचें साह्य होतें. आणि प्रक्षेपक जुळविण्याचें काम नरिमन प्रिंटर या पूर्वीच्या हौशी चालकाचें होतें.

४२.३४ मीटर म्हणजे सेकंदास सुमारें सत्तर लक्ष ऐंशीं हजार आवर्तनें. हौशी लोकांचा चाळीस मीटरांचा पट्टा सुमारें ४१ पासून ४३ मीटरांपर्यंत पसरलेला असे, आणि ही लहर नेमकी त्याच्या आंत पडते. ज्या पट्ट्यांत केवळ क्षुल्लक बोलण्याची मुभा होती, आणि युद्धामुळें तीही उरली नव्हती, त्या पट्ट्यांतून चिमूरच्या अत्याचारांची वार्ता देशभर गेली. हौशी नियमांत ज्याला ज्याला मज्जाव, तें तें सर्व या केंद्रानें केलें: बातमी दिली, राजकारण बोललें, आणि एका माणसाशीं न बोलतां साऱ्या देशाशीं बोललें. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत हिंडत होत्या. केंद्राची जागा वारंवार बदलत होती. शेवटीं प्रिंटर पकडला गेला, त्याच्याकडून ठिकाण कळलें, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं बोलणें चालू असतांनाच छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. क्षुल्लक बोलण्याचा दंडक घालणाऱ्यांना ज्या गोष्टीचें भय होतें ती हीच. आणि परक्या सरकारचें तें भय अनाठायीं नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

मग स्वराज्य आल्यावर हा दंडक गेला काय? नाहीं. १९४६ सालीं तात्पुरते परवाने पुन्हां मिळूं लागले. १५ मे १९४८ रोजीं महू येथील लष्कराच्या सिग्नल विद्यालयांत हौशी चालकांचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला. १९५४ सालीं त्याचें सोसायटींत रूपांतर झालें. धुळ्याहून आग्रा रस्त्यानें शिरपूर, सेंधवा करीत नर्मदा ओलांडली आणि घाट चढला कीं महू येतें. बाबासाहेब आंबेडकरांचें जन्मस्थान तें हेंच. खानदेशाच्या इतक्या निकट या विद्येचें भारतीय घर उभें राहिलें. परंतु स्वतंत्र भारताच्या १९७८ च्या नियमांतही उघड भाषा, प्रयोगापुरतें किंवा बिनमहत्त्वाचें बोलणें, धंद्यास व ध्वनिक्षेपणास बंदी, आणि हरकत घेतलेल्या देशांशीं मौन, हीं कलमें कायम राहिलीं. इतर स्वतंत्र देशही वेगळे वागले नाहींत. १९५० नंतरच्या काळांत इंडोनेशिया, व्हिएतनाम यांसारख्या देशांनीं आपल्या लोकांच्या परदेशीं बोलण्यास हरकत नोंदविली होती. सत्ता परकी असो वा स्वकीय, सीमेपलीकडे जाणाऱ्या शब्दाकडे ती सारख्याच सावधपणें पाहते.

या नियमाला खरें वळण लागलें तें २००३ सालीं. त्या वर्षींच्या जागतिक बिनतारी परिषदेनें ‘हरकत असल्यास निषिद्ध’ हें वाक्य उलटें करून ‘हरकत नसल्यास मुभा’ असें लिहिलें. व्यवहारांत फरक थोडा. पण बंदीपासून आरंभ करणें आणि मोकळीकीपासून आरंभ करणें यांत वृत्तीचा फरक आहे. ‘बिनमहत्त्वाचें’ हा शब्दही गेला. हौशी सेवेला अनुसरून असलेलें व व्यक्तिगत स्वरूपाचें बोलणें असावें, एवढेंच राहिलें. तिसऱ्या माणसाचा निरोप परदेशीं पोंचविण्यास मात्र एकच दार उघडें ठेवलें: आपत्ति.

तें दार उघडण्याची वेळ फार लवकर आली. अंदमान बेटांवरून हौशी प्रक्षेपणास बरीच वर्षें परवानगी नव्हती. ती मिळवून २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं एक तुकडी पोर्ट ब्लेअर येथें गेली. हेतु अगदीं हौशी थाटाचा: जगभरच्या चालकांना एका दुर्मिळ ठिकाणाशीं संबंध जोडल्याचें समाधान द्यावें. हजारों हांका, हजारों अंक, हजारों ‘त्र्याहत्तर’. २६ डिसेंबरच्या सकाळीं भूकंप झाला, मागोमाग समुद्र चढून आला, आणि बेटांचा मुख्य भूमीशीं असलेला नेहमींचा दळणवळणाचा मार्ग तुटला. तुकडीनें अंकांची देवघेव तत्काळ थांबविली आणि त्याच यंत्रांवरून, त्याच तारेवरून, जिवंत कोण, बेपत्ता कोण, कोठें काय हवें, याचे निरोप जाऊं लागले. आदल्या दिवशींपर्यंत जें बोलणें नियमानें आणि स्वभावानें क्षुल्लक होतें तें एका घटकेंत बेटांचा आधार बनलें. त्याआधीं, २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांतही हौशी चालकांनीं असेंच काम केलें होतें.

आतां त्या विलक्षण अटीकडे पुन्हां पाहतां येईल. घालणाऱ्यांचा हेतु उदात्त नव्हता. कोणास तारेचें उत्पन्न राखावयाचें होतें, कोणास राज्य. तरी तिच्या पोटीं एक उपयोग निपजला. रोज बिनमहत्त्वाचें बोलणाऱ्या माणसाला लहर ओळखूं येते, गोंगाटांतून क्षीण आवाज निवडतां येतो, थोडक्या शब्दांत नेमकें सांगतां येतें, आणि दुसऱ्याची पाळी असतां गप्प बसतां येतें. हें शिक्षण विद्यालयांत दिलें जात नाहीं. तें पावसापाण्याच्या गप्पांतून मिळतें. आणि जे गप्पा मारतांना शिकले त्यांनाच प्रलयाच्या दिवशीं बोलतां आलें.

१८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठीं २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा संमत झाला. आतां खिशांतल्या यंत्रावरून जळगांवचा कोणीही परदेशीं हवें तें बोलूं शकतो. त्यासाठीं हौशी लहरींची गरज उरलेली नाहीं. पण तें बोलणें मनोऱ्यांवर, दोरांवर आणि कंपन्यांवर अवलंबून आहे. तापीला किंवा पांझरेला महापूर येऊन मनोरे मुके झाले तर गच्चीवरची तार व एक विजेचा घट एवढ्या सामग्रीवर बोलूं शकणारा मनुष्य गांवांत असणें, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. मात्र तो मनुष्य पुराच्या दिवशीं तयार होत नाहीं. त्याआधीं अनेक वर्षें, संध्याकाळच्या वेळीं, कोणा परक्या माणसाशीं हवापाण्याबद्दल बोलत त्याला बसावें लागतें.